लस देऊनही बछडे का दगावतात?

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंगळूरूजवळच्या बन्नेरघट्टा जैविक उद्यानात बिबट्यांची सात पिल्ले थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने दगावली. मृत्यूचे कारण फेलाइन पॅनल्युकोपेनिया हा मार्जारकुळातील प्राण्यांना होणारा विषाणुजन्य आजार असल्याचे सांगण्यात आले. या पिल्लांना त्याच आजाराची लस दिलेली होती, असेही त्या बातम्यांत पुढे नमूद होते. बातमी वाचून बहुतेकांच्या मनात दोनच शंका आल्या असतील: एक तर लस खोटी होती, नाही तर ती वेळेवर टोचली गेली नव्हती. हलगर्जीपणा कोठेच होत नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु लस उत्तम असताना, वेळापत्रक काटेकोर पाळलेले असताना आणि डॉक्टर अनुभवी असतानाही लहान पिल्लू अशा आजाराला बळी पडू शकते. त्याची कारणे पिल्लाच्या शरीरात, आईच्या दुधात आणि विषाणूच्या चिवटपणात दडलेली आहेत. ती समजून घेतली, तर प्राणिसंग्रहालयातील वाघ, सिंह आणि बिबट्यांच्या पिल्लांची वैद्यकीय देखभाल इतकी अवघड का असते, हेही ध्यानात येते.

एक किलोचा, डोळे मिटलेला जीव

वाघीण साधारण साडेतीन महिने गाभण असते. शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या या मादीला होणारे पिल्लू जेमतेम एक किलोचे, कधी त्याहूनही हलके असते. माणसाचे मूल जन्मतः आईच्या वजनाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतके असते. वाघाचे पिल्लू शंभराव्या हिश्शाच्या आसपास. त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते उघडायला एक ते दोन आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत त्याला थंडीने कापरे भरून अंगात ऊब निर्माण करता येत नाही, त्यामुळे आईच्या पोटाची ऊब हाच त्याचा एकमेव आसरा असतो. आईने पोटाखालचा भाग चाटल्याखेरीज त्याला लघवी आणि शौचही नीट होत नाही. अंगात साखरेचा साठा इतका थोडा असतो, की काही तास दूध मिळाले नाही तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

असा जीव समोर असताना डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून त्याला तपासावे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या प्राणिसंग्रहालयात याच्या नेमके उलट केले जाते. प्रसूतीच्या आधीच वाघिणीला शांत, काहीशा अंधाऱ्या कक्षात हलवले जाते, तळाशी गवत किंवा लाकडी फळ्या टाकल्या जातात, प्रेक्षकांची ये-जा बंद केली जाते आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून लक्ष ठेवले जाते. रोजचे खाणे देणारा ओळखीचा कीपर सोडून कोणीही तिकडे फिरकत नाही. सतत गडबड झाली, अनोळखी वास आला, तर मादी पिल्लांना तोंडात धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवत राहते. त्यात पिल्लांना जखमा होतात आणि काही वेळा ती त्यांना टाकून देते किंवा मारूनही टाकते. पहिलटकरणीच्या बाबतीत ही भीती अधिक असते.

म्हणून पहिले काही आठवडे डॉक्टर कॅमेऱ्यावर बघतात: पिल्ले किती वेळ दूध पितात, पिऊन झाल्यावर शांत झोपतात की केकाटत राहतात, सगळी एकत्र राहतात की एखादे बाजूला पडते, आई त्यांना चाटते की नाही. सतत रडणारे पिल्लू बहुधा उपाशी असते आणि बाजूला एकटे पडलेले पिल्लू बहुधा गार पडलेले असते. आई शेजारच्या कक्षात जेवायला गेली, की दार बंद करून काही मिनिटांत पिल्लांचे वजन, नाळेची जागा, तोंडातील टाळू आणि लिंग तपासले जाते. त्यासाठी घातलेले हातमोजेही आधी तिथल्याच गवताला चोळून घेतले जातात, म्हणजे माणसाचा वास कमीत कमी लागतो. केव्हा हात लावायचा नाही हे ओळखणे, हे मला या वैद्यकातील सर्वांत कठीण कौशल्य वाटते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला नेमके तेच दुर्लक्ष वाटते.

आईकडून मिळणारे संरक्षण

रोगजंतूला ओळखून त्याला निकामी करणारी जी प्रथिने रक्तात असतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. माणसाच्या बाळाला ती मोठ्या प्रमाणात जन्माआधीच, वारेमधून मिळतात. मार्जारकुळात वारेची रचना वेगळी असल्यामुळे पोटात असताना पिल्लाला फारच थोडी प्रतिपिंडे मिळतात. बाकीची जवळजवळ सगळी येतात ती चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून. गाय-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तोच हा पदार्थ.

हा चीक केव्हाही पिऊन चालत नाही. नवजात पिल्लाच्या आतड्याचे अस्तर अखंड प्रतिपिंडे रक्तात जाऊ देते ते फक्त पहिले काही तास. मांजराच्या पिल्लात ही मुदत १६ ते २४ तासांत संपते आणि मोठ्या मार्जारांतही ती तशीच धरून चालतात. त्यानंतर प्यायलेला चीक पोषण देतो, आतड्याच्या आत थोडेफार रक्षणही करतो, पण रक्तात प्रतिपिंडे पोहोचवत नाही. म्हणून पाच पिल्लांच्या वेतात जे अशक्त पिल्लू पहिल्या दिवशी मागे ढकलले गेले, ते पुढे कितीही गुटगुटीत दिसले तरी आजारापुढे उघडे असू शकते. एखाद्या पिल्लाला चीक मिळालेलाच नाही असे खात्रीने कळले, तर त्याच जातीच्या निरोगी प्रौढ प्राण्याच्या रक्तातील द्रव भाग, म्हणजे सीरम, त्याच्या कातडीखाली टोचून ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येते. त्यासाठी मोठ्या प्राण्यांचे रक्त आधीच तपासून, साठवून ठेवलेले असावे लागते. आयत्या वेळी वाघाचे रक्त मिळवणे सोपे नसते, हे सांगायला नको.

आईकडून आलेली ही प्रतिपिंडे म्हणजे प्रवासाला निघताना बांधून दिलेली शिदोरी. ती पुरते तोवर पिल्लाला उपास घडत नाही, परंतु ती कधी ना कधी संपणारच असते, आणि ती शिल्लक असेपर्यंत पिल्लाचे शरीर स्वतःची चूल पेटवत नाही. लसीकरणाची सगळी गुंतागुंत या शेवटच्या वाक्यात आहे.

मधले मोकळे दिवस

लस म्हणजे मेलेला किंवा दुबळा केलेला विषाणू शरीराला दाखवणे. शरीर त्याला ओळखते, त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार करते आणि ती ओळख पुढे लक्षात ठेवते. पण पिल्लाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे भरपूर असताना लस टोचली, तर ती प्रतिपिंडे लशीतील विषाणूलाच पकडून निकामी करतात आणि पिल्लाच्या शरीरापर्यंत ओळख पोहोचतच नाही. कागदावर लस दिल्याची नोंद होते, अंगात मात्र काहीच घडत नाही.

मग आईची प्रतिपिंडे संपेपर्यंत थांबावे, तर तोवर खरा विषाणू गाठू शकतो. शिवाय ही प्रतिपिंडे एका दिवशी एकदम संपत नाहीत. मांजराच्या पिल्लांत ती साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. उतरत उतरत ती अशा पातळीला येतात, की खऱ्या विषाणूच्या मोठ्या हल्ल्याला थोपवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस वाया घालवण्याइतकी मात्र अजून असतात. या मधल्या दिवसांत पिल्लाला ना आईचे संरक्षण असते, ना लशीचे. पशुवैद्यकाला हा काळ टाळता येत नाही. तो फक्त आखूड करता येतो.

हा काळ प्रत्येक पिल्लासाठी वेगळा असतो, आणि खरी पंचाईत येथे आहे. आईच्या रक्तात किती प्रतिपिंडे होती, तिला लस मिळाली होती का, पिल्लाने पहिल्या दिवशी किती चीक प्यायला, यावर तो ठरतो. एकाच वेतातल्या दोन भावंडांपैकी एकाची शिदोरी आठव्या आठवड्यात संपते, दुसऱ्याची पंधराव्या. प्रत्येक पिल्लाचे रक्त दर आठवड्याला तपासत बसणे शक्य नसते आणि तसे करण्यासाठी त्याला वारंवार पकडणे हाही एक धोकाच आहे. म्हणून उपाय एकच उरतो: लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यायची आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचे झाल्यावर, शक्यतो त्याहूनही थोडा उशिरा द्यायचा. यातला कोणता डोस कोणत्या पिल्लाला लागू पडेल हे आधी ठाऊक नसते. एक तरी लागू पडावा यासाठी सगळे दिले जातात. अनेक वाचकांचा समज असतो तसे हे डोस एकावर एक चढवलेले मजले नव्हेत. त्यामुळे तीन महिन्यांच्या पिल्लाला ‘दोन डोस झाले आहेत’ याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही.

मांजराची लस वाघाला

वाघ-बिबट्यांसाठी खास बनवलेली पॅनल्युकोपेनियाची लस वापरात नाही. जगभरातील प्राणिसंग्रहालये घरगुती मांजरांसाठी बनवलेलीच लस वापरतात. जगात घरगुती मांजरे कोट्यवधी आहेत आणि पाळलेले वाघ त्यामानाने मूठभर, त्यामुळे कंपन्यांच्या मोठ्या चाचण्या मांजरांवरच होतात. लशीचा डोस औषधासारखा वजनावर ठरत नाही, म्हणून दहा किलोच्या बछड्यालाही मांजराइतकाच डोस टोचला जातो. शरीराला ओळख पटवून देण्याचा हा प्रश्न असतो आणि त्याला पुरेशी मात्रा छोट्या-मोठ्या प्राण्यांत फारशी बदलत नाही.

घरगुती मांजरांत सहसा दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असलेली लस देतात. ती लवकर काम करते आणि आईच्या प्रतिपिंडांवर तुलनेने सहज मात करते. परंतु एका जातीसाठी दुबळा ठरलेला विषाणू दुसऱ्या जातीत दुबळाच राहील, याची हमी नसते. डिस्टेंपर या विषाणुजन्य आजारावर कुत्र्यांसाठी बनवलेली जिवंत लस दिल्यावर रेड पांडा आणि काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक छोटा मांसाहारी प्राणी) यांना लशीपासूनच डिस्टेंपर होऊन ते मेल्याची उदाहरणे पशुवैद्यकाच्या इतिहासात आहेत. त्यामुळे वन्य मार्जारांना प्राधान्याने मृत विषाणूची लस दिली जाते. ती आजार निर्माण करूच शकत नाही. मात्र तिचा एकच डोस लागू पडून भागत नाही, किमान दोन लागतात, दुसऱ्या डोसानंतरही संरक्षण उभे राहायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि आईच्या प्रतिपिंडांपुढे ती अधिक सहज निष्प्रभ होते. सुरक्षित लस निवडण्याची किंमत अशी आहे की मधले मोकळे दिवस लांबतात. हा सौदा डॉक्टर जाणूनबुजून करतात आणि तो योग्यच आहे, असे मला वाटते. पण त्यातून उरणारा धोका जनतेला आधीच सांगितला गेला, तर पुढे अविश्वास निर्माण होणार नाही.

विषाणू बंद पिंजऱ्यात येतो कसा?

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पार्व्होविषाणूंच्या गटातला आहे. कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा ‘पार्व्हो’ अनेकांना ऐकून माहीत असेल, त्याचाच हा जवळचा नातेवाईक. शरीराबाहेर तो महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षभरही टिकतो. साधा साबण, अल्कोहोल आणि नेहमीची बरीच जंतुनाशके त्याला मारू शकत नाहीत. ब्लीचसारखे क्लोरीनयुक्त द्रावण लागते, तेही आधी शेण-माती नीट धुऊन काढल्यावर. मातीच्या आवारातून त्याला घालवणे तर जवळपास अशक्यच असते.

आजारी भटके मांजर रात्री आवारात शिरून विष्ठा टाकून जाते. कीपरच्या बुटाला, झाडूला, मांसाच्या बादलीला चिकटून विषाणू एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो. बचाव केंद्रात जंगलातून किंवा शेतातून आणलेली पिल्ले येतात, तेव्हा त्यांच्यासोबतही तो येऊ शकतो. अशा पिल्लांना आईचा चीक मिळाला होता का, त्यांच्या पोटात जंत किती, ती आधी कोणत्या आजाराच्या संपर्कात आली, यातले काहीच नोंदलेले नसते. ती घाबरलेली, उपाशी असतात आणि अनेकदा एकत्र ठेवली जातात. लशीचे डोस चालू असतानाच्या मोकळ्या दिवसांत अशा ठिकाणी विषाणूचा मोठा मारा झाला, तर लस घेतलेली पिल्लेही दगावणे अशक्य राहत नाही. नव्या प्राण्याला काही आठवडे वेगळे ठेवण्याची पद्धत, म्हणजे विलगीकरण, याच कारणाने आहे. त्या विभागाचे कीपर, भांडी आणि बूट वेगळे असावे लागतात. कर्मचारी कमी असलेल्या ठिकाणी नेमका हाच नियम सर्वांत आधी मोडतो.

धोका केवळ मांजरांच्या आजारांचा नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलेल्या तपासणीत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. त्याच विषाणूने १९९४ मध्ये आफ्रिकेच्या सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंहांचा बळी घेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे निदान केले. त्यानंतर राज्यभर मांसाहारी प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लहान पिल्लांना दुधावरून मांसावर आणताना बहुधा मऊ म्हणून कोंबडीच आधी दिली जाते, त्यामुळे मांस कोठून येते, ते कोणी तपासले आणि शिजवून किंवा उकळून द्यावे का, हा प्रश्न पिल्लांच्या डॉक्टरला टाळता येत नाही.

आजार झाल्यावर औषध का नाही?

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. वाढत्या पिल्लाच्या शरीरात अशा पेशी दोन जागी भरपूर असतात: आतड्याच्या अस्तरात आणि हाडांतील मज्जेत. आतड्याचे अस्तर सोलले गेले की उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. मज्जा निकामी झाली की पांढऱ्या रक्तपेशींची संख्या कोसळते. म्हणजे आतड्यातले जीवाणू रक्तात घुसण्याची वाट मोकळी होते आणि त्यांच्याशी लढणारे सैनिकच उरलेले नसतात. बहुतेक पिल्ले या दुसऱ्या हल्ल्याने दगावतात.

विषाणूला थेट मारणारे भरवशाचे औषध हाती नाही. शिरेतून सलाइन देणे, साखर आणि क्षार सांभाळणे, उलटी थांबवणे, जीवाणूंसाठी प्रतिजैविके देणे आणि ऊब देणे, एवढेच करता येते. हे उपचार घरच्या मांजराला दर काही तासांनी देता येतात. पाच महिन्यांच्या बिबट्याला शिरेतून सलाइन लावायचे, तर भूल द्यावी लागते किंवा स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे एक बाजू आत सरकवून प्राण्याला अलगद जखडणाऱ्या पिंजऱ्यात घ्यावे लागते, आणि आजाराने खचलेल्या पिल्लाला दोन्हींचा त्रास होतो. शिवाय वन्य प्राणी आजार शक्य तितका लपवतो. पिल्लाने खाणे सोडल्याचे दिसते तेव्हा आजार अनेकदा पुढे गेलेला असतो आणि पहिले लक्षण दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो.

आईने नाकारले तर

कुनो राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये ज्वाला या चित्तामादीला चार पिल्ले झाली. मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यात त्यातली तीन दगावली. उरलेल्या अशक्त मादी-पिल्लाला माणसांनी वाढवले. तिचे नाव पुढे मुखी ठेवले गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने स्वतः पाच पिल्लांना जन्म दिला. हातावर वाढवणे शक्य आहे, हे यातून दिसते. पण ते किती नाजूक काम आहे, हे तपशिलात गेल्यावर कळते.

गार पडलेले पिल्लू हाती आले, की कोणालाही त्याला आधी दूध पाजावेसे वाटते. ते घातक ठरू शकते. शरीराचे तापमान उतरलेले असताना आतड्याची हालचाल थांबलेली असते आणि गिळण्याची क्रियाही मंदावलेली असते. दूध पोटात साचून राहते किंवा श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आधी हळूहळू ऊब द्यायची आणि मगच दूध. पाजताना पिल्लू पोटावर ठेवायचे, माणसाच्या बाळासारखे उताणे धरायचे नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते, आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने पोटाखाली पुसून लघवी करवावी लागते. रोज एकाच वेळी वजन घेतात. वाघाच्या निरोगी पिल्लाचे वजन सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला पन्नास ते शंभर ग्रॅमने वाढते. लागोपाठ दोन दिवस काटा पुढे सरकला नाही, तर दुसरी लक्षणे दिसण्याआधीच काहीतरी बिघडल्याचे समजते.

दुधाचाही प्रश्न सरळ नाही. गाईच्या दुधात मार्जारांच्या दुधापेक्षा दुग्धशर्करा जास्त आणि प्रथिने व चरबी कमी असते. ते दिल्यास जुलाब होतात आणि वाढ खुंटते. मांजरांसाठी बनवलेली दूध-पावडर वापरतात. आपल्याकडे शेळीच्या दुधात भर घालूनही काम चालवले जाते. तरी वाघिणीच्या दुधाची तंतोतंत नक्कल कोणालाच जमलेली नाही, आणि कृत्रिम दुधावर वाढलेल्या बछड्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आढळल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे एखादे पिल्लू मागे पडले म्हणून लगेच आईपासून तोडू नये, आईजवळच ठेवून वरचे दूध देता येते का ते आधी पाहावे, असा सुज्ञ डॉक्टरांचा कल असतो.

मांस खाऊनही हाडे ठिसूळ

रोज ताजे, उत्तम मांस खाणाऱ्या बछड्याची हाडे मोडतात, हे ऐकून आश्चर्य वाटते. पण नुसत्या मांसात कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा ते वीस पट असते. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने, किंबहुना किंचित जास्त लागते. रक्तातील कॅल्शियमची पातळी सांभाळण्यासाठी शरीर मग हाडांतून ते ओढून घेते. पिल्लू लंगडू लागते, पाठ वाकते, उडी मारताना पाय मोडतो, कमरेचे हाड दबून कायमचा बद्धकोष्ठ जडतो. हा मुडदुसाशी नाते सांगणारा आजार आहे आणि त्याचे मूळ बहुतेकदा प्रेमात असते: पिल्लाला हाड टोचेल म्हणून त्याला कोवळे, बिनहाडाचे मांस भरवले जाते. जंगलात आई पिल्लांना हाडे, कातडी, काळीज यांसह अख्खी शिकार देते. पिंजऱ्यात तोच समतोल कॅल्शियमची पूड, वयानुसार हाडे आणि मोजके काळीज देऊन साधावा लागतो.

काळजाचे प्रमाणही बेताचे हवे. अ-जीवनसत्त्व कमी पडले तर सिंहाच्या पिल्लांत कवटीचे हाड जाड होऊन मेंदूवर दाब येतो. मान वर वाकते, तोल जातो. ते जास्त झाले तरी हाडांवर विपरीत परिणाम होतो. टॉरीन हे आणखी एक द्रव्य मार्जारांना पुरेसे स्वतः बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळते, आणि त्याची कमतरता डोळ्यांच्या पडद्यावर व हृदयावर उठते. जंतनाशकाचे वेळापत्रकही लसीइतकेच काटेकोर असावे लागते, कारण मार्जारांतील गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. वरून स्वच्छ दिसणारा पिंजरा त्यांना अडवू शकत नाही.

निसर्गात मरतातच, मग एवढा खटाटोप कशासाठी?

जंगलात वाघाची बरीच पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात, हे खरे आहे. ती उपासमारीने, दुसऱ्या नराच्या हल्ल्यात, पुराने किंवा वणव्याने मरतात. पिंजऱ्यात यातले काहीच नसते. तेथील अन्न, सोबती, जागा आणि शेजारी आपण ठरवलेले असतात, म्हणून तेथील मृत्यूची जबाबदारीही आपली ठरते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांत पशुवैद्य, विलगीकरणाची सोय आणि मृत प्राण्याचे शवविच्छेदन यांची तरतूद आहे ती त्यामुळेच. शवविच्छेदनाचा अहवाल मेलेल्या पिल्लापुरता नसतो. त्यावरून त्याच दिवशी भावंडांचे रक्त तपासायचे का, मांस बदलायचे का, आवार किती महिने रिकामे ठेवायचे, हे ठरते.

वेगळी शंका प्रजननाबद्दल असते. पिल्ले आली की गर्दी वाढते, नामकरणाचे समारंभ होतात, आणि लसीकरण पूर्ण होण्याआधीच ती दाखवण्याचा दबाव संग्रहालयावर येतो. या बाबतीत मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लांना हारतुरे आणि छायाचित्रांपासून दूर ठेवावे, मग पाहुणा कितीही मोठा असो.

उसात सापडलेली पिल्ले संग्रहालयात का नेत नाहीत?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत ऊसतोडणीच्या हंगामात बिबट्याची पिल्ले सापडतात, आणि गावकऱ्यांना ती एखाद्या प्राणिसंग्रहालयात सुरक्षित राहतील असे वाटणे स्वाभाविक आहे. वर सांगितलेले सगळे वाचल्यावर उत्तर अवघड राहू नये. आईच्या दुधाची, तिच्याकडून मिळणाऱ्या प्रतिपिंडांची आणि तिने शिकवलेल्या शिकारीची बरोबरी करणारे काही संग्रहालयाकडे नाही, आणि तेथे रोगाचा धोका उसापेक्षा कमी असेलच असे नाही.

म्हणून वनविभाग आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचे डॉक्टर पिल्लाची झटपट तपासणी करतात, शरीरातले पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढतात आणि त्याच संध्याकाळी त्याला सापडल्या जागी खोक्यात ठेवून, जवळ कॅमेरा लावून दूर होतात. आई बहुधा आसपासच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लाला उचलून नेते. पहिल्या रात्री ती आली नाही, तर पुन्हा प्रयत्न केला जातो. पिल्लू दिसल्यावर गर्दी न करणे, त्याला हातात घेऊन फोटो न काढणे, दूध न पाजणे आणि वनविभागाला लगेच कळवणे, एवढे शेतावरच्या माणसांनी केले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. आई आलीच नाही, तरच पिल्लू कायमचे बंदिवासात येते. आणि मग त्याच्यासाठी सहाव्या ते आठव्या आठवड्याचा पहिला डोस, कॅल्शियमची पूड, दर दोन-तीन तासांचे दूध आणि वेगळ्या बुटांचा कीपर, हे सगळे सुरू होते.